कंट्रोलची बाटली

आमच्या पेशी दिवसभरात दुप्पट होतात. लॅबमधल्या किश्शांना तेवढाही वेळ लागत नाही. मी ते सांगत सुटते, कारण गप्प बसलं की एकच काळजी वर येते, परवा तर तिनं झोपूच दिलं नाही. अमरावतीत मी माणसाच्या पेशींना बाटल्यांत वेळेवर खाऊ घालते, आणि माझी चार वर्षांची लेक आठवडाभर अकोल्यात आजीच्या हातून जेवते.

*

मे महिन्यात इनक्युबेटर बंद पडला. पेशींना सदतीस डिग्री लागते. बाहेर पंचेचाळीस, सरांच्या केबिनमध्ये बावीस. अटेंडंट गजूभाऊ म्हणाले, "सर, एसी बंद करा. सदतीस झाले का बाटल्या आनतो."

सर दिवसभर व्हरांड्यात घाम पुसत बसले. विज्ञानासाठी त्यांनी केलेला हा पहिला त्याग. रिसर्च पेपरवर त्यांचं नाव पहिलं आलं ते यामुळेच असावं.

*

पेशी किरणं किती सोसतात ते बघायचं, तर किरणोपचाराचं यंत्र अकोल्याच्या एका दवाखान्यात. रविवारी पेशंट नसतात, तेव्हा आमचा नंबर. एसटीत मी बाटल्यांचा डबा मांडीवर धरून बसते. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "विरजन हाय का? हालूच देऊन नाई राहिल्या."

म्हटलं, माणसाच्या जिवंत पेशी आहेत.

"मंग त लेकरूच हाय. आना इकडं."

अकोल्यापर्यंत डबा त्यांच्या मांडीवर. मी झोपले.

*

प्रत्येक खेपेला एक बाटली 'कंट्रोल'. ती सोबत येते, पण तिला किरणं द्यायची नाहीत. बाकीच्यांची तुलना तिच्याशी. एकदा सर स्वतः आले. फोटोत चारच बाटल्या, कमी दिसतात म्हणून त्यांनी कंट्रोलही यंत्राखाली मांडली आणि काढायला विसरले. फोटो छान आला. प्रयोग तीन आठवडे मागे गेला.

"मॅडम, टीमवर्क दिसलं पाहिजे," सर म्हणाले.

*

सासूबाई लेकीला घेऊन दवाखान्यातच येतात. मी यंत्राच्या खोलीतून बाहेर आले की तिला मागे ओढतात. "आधी आंगोळ कर, मंग लेकराले हात लाव."

किरणं अंगाला चिकटून येत नाहीत, हे मी दर रविवारी समजावते. समजावून झालं की घरी जाऊन आंघोळ करते.

*

त्या फोटोनंतर कंट्रोल सांभाळायचं काम लेकीला दिलंय. मागच्या रविवारी बाहेरच्या बाकावर डबा कवटाळून तिनं विचारलं, आत काय करते?

सांगितलं, पेशींना त्रास देते. एकदम दिला तर मरतात. थोडा थोडा, मध्ये सुट्टी देऊन दिला, तर आपल्या आपण बऱ्या होतात. सांगताना मलाच बरं वाटलं. आम्हा दोघींचा रविवार म्हणजे अशी सुट्टीच की.

"अन् इले?" तिनं डब्यावर बोट ठेवलं.

"तिला काही नाही. ती नुसती बाहेर बसते."

"रडते?"

"नाही."

"मंग इले आजीजवळ ठेव. मले ने."