पुसलेलं काजळ
एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळाचा वास आला, की मी मनाने लोणखेड्याजवळच्या त्या ओसरीवर जाऊन बसते. तान्ह्या बाळांमध्ये स्वमग्नतेची चिन्हं लवकर ओळखता येतात का, या अभ्यासासाठी आम्ही घरोघरी बाळांची नजर कॅमेऱ्याने टिपत होतो. त्या ओसरीच्या घरची लेक चार महिन्यांची होती. दृष्ट लागू नये म्हणून तिच्या डोळ्यांत इतकं काजळ भरलेलं, की कॅमेऱ्याला काही केल्या बुबुळ सापडेना. "एवढं पुसता का?" मी म्हटलं. तिच्या आईने पदराचं टोक ओलं करून ते हळूहळू पुसलं, मग लेकीकडे बोट करून विचारलं, "ताई, मन्ही आंडेरमा काही दिसनं ते माले सांगशात ना?" अभ्यास संपेपर्यंत आयांना काही सांगायचं नाही, असा आमचा नियम होता. मी तिला तसं खरं खरं सांगितलं. "मी तिनी माय शे. तुमले माहीत, अन् माले नही?" ती रागावली नव्हती. तिने डबी उघडली आणि लेकीला मांडीवर घेऊन पुन्हा काजळ घातलं. पोर आईकडे टक लावून बघत होती, आणि आमचा कॅमेरा बंदच राहिला. आता प्रत्येक नव्या अभ्यासाच्या संमतीपत्राची पहिली ओळ मीच लिहिते: जे दिसेल, ते आधी आईला सांगू.