आईच्या पायाखालचं लाकूड

आमच्या घरात पोळ्या आणि मोजमापं एकाच दगडावर व्हायची. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा बसवला. बायकोला तो पुसायला सोपा म्हणून आवडला, मला सपाट म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मागून बॅटरी मारून खालून उजेड येतो का ते पाहिलं. सिंकच्या बाजूला जरा येत होता. गॅसच्या डावीकडचा हातभर तुकडा मात्र झकास निघाला. तो मी कुणाला न विचारता स्वतःच्या नावावर करून टाकला.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो, तपासणीच्या टेबलावर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बायको म्हणायची, "हेच काम तुम्ही घरी फुकटात करता." त्यात मला सुतारकामाची हौस. पाट, चौरंग, मसाल्याचे डबे असलं काही ना काही मी सुट्टीच्या दिवशी करत बसायचो. सुताराची पेन्सिल मला पहिल्यापासून खटकायची. तिची रेघच इतकी जाड की करवत रेघेच्या अलीकडून घालायची की पलीकडून, यावर मी दोन चांगल्या सुतारांशी भांडून बसलो आहे. म्हणून एका बंद पडलेल्या कारखान्याचं सामान विकायला निघालं आणि त्यात डिजिटल हाइट गेज दिसला, तेव्हा मी तो उचललाच. लोक बायकोला दागिना आणतात, मी हे आणलं. घरी काय स्वागत झालं ते सांगत नाही.

खाली जड बैठक, तिच्यावर उभा दांडा, दांड्यावर वरखाली सरकणारी, लाकडावर केसासारखी बारीक रेघ ओढणारी टोकदार जीभ आणि आकडे दाखवणारी छोटी खिडकी, एवढंच ते यंत्र. जीभ ओट्याला टेकवून शून्य करायचं, मग शेजारी लाकूड ठेवून जीभ त्याच्या माथ्यावर टेकवायची. लाकडाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत खिडकीत उमटते. लाकूड इतकं बारीक मोजून काय करायचं, असं मला पुष्कळांनी विचारलं. धड उत्तर मला कधी देता आलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, तिला कारणही नसतं.

आईने त्या यंत्राचं नाव ठेवलं बगळा. ती चांदवडकडची, जन्म कांद्याच्या शेतात गेलेला. वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, पण पहाटे उठून भाकरी थापायचं तिने सोडलं नाही. पिठाचा हात पदराला न लावता, लांबूनच ती म्हणायची, "हा तुझा बगळा उचल बरं. मला भाकऱ्या थापायच्या हायेत, मासे नाय धरायचे."

दोन हजार साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट. एका सकाळी आई नुकत्याच धुतलेल्या अंगणात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण तो उजवा पाय आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, "साधारण पावणेदोन सेंटिमीटरचा फरक आहे. त्या पायाच्या चपलेला तेवढी उंची द्या आणि त्यांना चालतं ठेवा. या वयात चालणं एकदा सुटलं की मग सगळं अंथरुणावर येतं."

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात 'साधारण' हा शब्द घोळत होता. साधारण म्हणजे किती? आईचं लक्ष वेगळीकडे होतं. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "मला नाचायचं नाय का पळायचं नाय. फकस्त उठाया-बसायला दर टायमाला कुणाला हाक मारायची पाळी नको यायला. तेवढं बघ बाबा."

तेवढंच कठीण होतं. आणलेला वॉकर मोरीच्या उंबऱ्याला अडकायचा. मोकळं उभं राहिलं की तिचा तोल उजवीकडे जायचा, म्हणून पलंगावरून उठायलासुद्धा कुणाचा तरी हात लागायचा. ती आधी हळू हाक मारायची. कुणी आलं नाही तर थोड्या वेळाने दुसरी. आत मिक्सर चालू असला तर तिसरी मारायचीच नाही.

चपलांच्या दुकानातून रबराचा थर लावून आणला, तो आठवड्यात एका बाजूला दबला. मग मी सागाची फळी काढली. वाढत्या जाडीचे बरेच ठोकळे केले, एकापेक्षा दुसरा अर्ध्या मिलिमीटरने जाड, आणि प्रत्येक ओट्यावर ठेवून गेजने तपासला. आई पलंगावरून सगळं पाहत होती. मग एका रविवारी तिला उभी केली, हात बायकोच्या खांद्यावर, डावा पाय जमिनीवर, उजव्याखाली एकेक ठोकळा. मी मागे गुडघ्यांवर बसून तिच्या कमरेला गवंड्याची स्पिरिट लेव्हल आडवी धरली आणि बुडबुडा मधोमध येतो का ते पाहू लागलो.

"आरं, मी काय भिंत हाय का?" आई म्हणाली आणि इतकी हसली की बुडबुडा कुठल्या कुठे पळाला.

मी चिडून तिला हसू नको म्हणालो. त्यावर बायकोही हसायला लागली. अखेर एक ठोकळा असा आला की बुडबुडा मधोमध थांबला. मी बायकोला खूण करायला मान वर केली, तर आईने दोन्ही हात तिच्या खांद्यावरून काढून घेतलेले. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. पदर सारखा करत ती नुसती उभी होती. त्या ठोकळ्यावर मी आकडा लिहिला, सोळा पॉइंट पन्नास. डॉक्टरांच्या 'साधारण'पेक्षा एक मिलिमीटर कमी.

तेवढ्या जाडीचा लाकडी थर चपलेत बसवला. आई गेटपर्यंत जाऊन आली, एकटी, सरळ. मी पायरीवर उभा होतो आणि मला इतका आनंद झाला की समोरच्या बंगल्यातल्या माणसाला उगाचच हात केला. आई दारापाशी आली. तिने चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि अनवाणी आत पाऊल टाकलं. लगेच तोल गेला. बायकोने धरलं म्हणून बरं.

मला हे सुचलंच नव्हतं. मिलिमीटरचे शंभर भाग करणाऱ्या माणसाला एवढं कळलं नाही, की आपल्याकडे म्हातारं माणूस दिवसभर घरात असतं आणि घरात चपला घालत नसतं.

"आता घरातही घालायच्या," मी म्हणालो.

"सैपाकघरात चप्पल? देवापुढं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांच्या घरी त्यांनी घालावी."

मी नवी कोरी चप्पल आणतो म्हणालो, रस्त्याला न लागलेली. नाय. कापडाची आणतो. नाय. मग माझं डोकं फिरलं. मी बोललो, की देव काय तुला मोरीपर्यंत धरून नेणार आहे का. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे करून आडवी झाली. त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले. बाहेर सरळ चालणारी बाई घरात पलंगाला खिळल्यासारखी. तिच्या हाका कमी झाल्या, तेव्हा आम्हाला वाटलं की तिला जरा बरं वाटतंय.

वाट काढली ती बायकोने. भांडी लावता लावता ती म्हणाली, "अहो, त्या चप्पल नको म्हणतायत. लाकूड नको असं कुठे म्हणतायत?"

मी आईला विचारलं. ती पलंगावर उठून बसली. मग म्हणाली, "माझा आजेसासरा खडावा घालून पूजंला बसायचा. लाकडाला काय व्हत नाय."

पण अंगठ्यात खुंटी धरायच्या खडावा तिला देणं म्हणजे दुसरा खुबा मोडायची तयारी. मी एकाच पायाचा सपाट लाकडी तळवा केला, तिच्या पावलाच्या मापाचा, कडा गोल घासलेल्या. वर पट्टा हवा होता. आईने पेटीतून जुन्या लुगड्याचा काठ काढून दिला, तो दुहेरी शिवला. खाली फरशीवर घसरू नये म्हणून रबर लागणार होतं. मी भीत भीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाखवला.

"ते खालून ऱ्हाईल ना? मग ऱ्हाऊ दे. माझ्या पायाला लाकूडच लागलं पायजे."

रबराची जाडी वजा करून लाकूड रंध्याने उतरवायचं होतं. रंधा दोनदा फिरवायचा आणि ओट्यावर जाऊन मोजायचं. पाठीमागे पोळ्या चाललेल्या. टाचेकडे बरोबर, तर बोटांकडे कमी भरायचं. बायकोला दहा वेळा सरकायला सांगितलं आणि तिने एकदाही कुरकूर केली नाही, हे मी लिहून ठेवतो, कारण ते पुन्हा कधी घडलं नाही. शेवटी खिडकीत सगळीकडे हवा तो आकडा आला.

तळवा हातात घेऊन आईने तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "आन् मोरीतला?"

"मोरीतला?"

"ह्योच घालून मोरीत जाऊ का, आन् ह्योच घालून देवापुढं?"

म्हणजे दुसरा हवा होता, मोरीच्या दाराशी ठेवायला. त्याला साग राहिला नव्हता, तो आणून सगळं पुन्हा केलं. या वेळी मात्र मला कसली कटकट वाटली नाही. उंबऱ्याशी एक काढून दुसरा चढवायचा आणि पावलाला काही कळता कामा नये, तर दोन्ही अगदी सारखेच हवेत. लाकूड इतकं बारीक का मोजायचं याचं उत्तर पहिल्यांदाच माझ्याकडे होतं, आणि नेमकं तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं.

आई पहिल्या दिवशी भिंतीला बोटं लावून चालली. मग बोटं सुटली. पलंग ते देवघर, देवघर ते ओटा, आणि उंबऱ्याशी थांबून तळवा बदलायचा. टाचेला लाकूड लागून टक, मग शांत, मग टक, अशी ती घरभर ऐकू यायची. मला आतल्या खोलीत बसून ती कुठे आहे ते सांगता येई. मी दर रविवारी दोन्ही तळवे ओट्यावर घेऊन मोजायचो, कुठे झिजलं का, ओलीने फुगलं का. आई वैतागायची, पण द्यायची.

एका दुपारी मी असाच मोजायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. बायको बाहेर गेली होती. आई माठापाशी उभी होती, कशालाही न धरता. तिने तांब्या भरला, तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला. पुन्हा भरला, तोही प्यायली. उन्हाळा काही नव्हता, तिला तापही नव्हता. मी विचारलं, "एवढी तहान?"

तिने पदराने तोंड पुसलं. "लय महिने झाले रे, पोटभर पाणीच प्यायले नव्हते."

"का गं?"

"प्यालं की मोरीत जावं लागतं. आन् मोरीत जायचं म्हंजे तुम्हाला हाक."

आईने माठावरचं झाकण बाजूला केलं आणि तिसऱ्यांदा तांब्या बुडवला.