कापसातला बर्फ

तपासणीच्या दिवशी मी दहावीच्या वर्गाला डोळे मिटायला सांगितलं आणि स्वतः झोपलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पवनारच्या अलीकडच्या एका गावात मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. म्हणजे शिकवतो आहे असं माझं मत होतं. नोकरी कायम व्हायची होती. इन्स्पेक्टरसाहेबांचं मत चांगलं पडलं तर पर्मनंट, नाहीतर घरी बापानं वखराची लोखंडी पास माझ्या नावानं पाजवून ठेवलीच होती.

माझं इंग्रजी कापसात वाढलं. वेचणी झाली की आमची पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरायची आणि आम्हा भावंडांचं अंथरूण त्याच्यावरच पडायचं. तिथं लोळत मी पुस्तकातल्या कविता मोठ्यानं म्हणायचो. अर्थाच्या नावानं बोंब. पण कापूस आवाज पिऊन टाकतो. आपलाच शब्द कुणीतरी लांब शेतातून म्हटल्यासारखा वाटायचा. मास्तर झाल्यावर यालाच मी 'माझी पद्धत' म्हणू लागलो. आधी ऐका, अर्थ मागून येईल. बाकीचे मास्तर ओळीखाली मराठी अर्थ लिहून देत. त्यांची पोरं पास होत.

त्या दिवशीची कविता बर्फाची होती. बर्फ पडतो आणि सगळं गाव मुकं होतं, एवढंच तिच्यात. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. म्हणून मी आदल्या दिवशी सांगितलं, घरून थोडा थोडा कापूस आणा. थोडा म्हणजे किती हे सांगायचं राहिलं. पोरांनी पोत्याएवढे बोरे भरून आणले. बाकं भिंतीला सरकवली, सगळा कापूस जमिनीवर पसरला, आणि वर्ग त्यात कमरेपर्यंत बुडून बसला. मी म्हटलं, मी सांगेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत. पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हणताना मीही डोळे मिटले. दुपारचं ऊन खिडकीतून तंतू तंतू उतरत होतं, सरकीचा तो घरचा वास आला, आणि मी आमच्या पुढच्या खोलीत पोहोचलो.

जाग आली तेव्हा दारात इन्स्पेक्टरसाहेब उभे होते, मागे हेडमास्तर घाम पुसत होते. वर्गाचे डोळे अजून मिटलेलेच. मी सांगितलं नव्हतं ना.

साहेब थेट कापसात उतरले. वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, काय आहे या कवितेत?

ती डोळे न उघडता म्हणाली, "बरफ पडला का गाव चुप होते, साहेब. बंडी जाते, पन चाकाचा आवाज येत नाई. मानसाले वाटते, आपुनच एकटे जागे हावो."

साहेबांनी वाकून मूठभर कापूस उचलला आणि परत ढिगावर ठेवला. मग जाता जाता हेडमास्तरांना म्हणाले, ठेवा याला.

पोरं कापूस बोऱ्यात भरत होती तेव्हा मी त्या मुलीजवळ गेलो. माझ्या पद्धतीचं कौतुक ऐकायला जीव आसुसला होता. विचारलं, एवढं कसं समजलं गं तुला?

"तुम्ही झोपले म्हनून समजलं, सर. जागे असले का तुम्ही लय बोलता."