दुसरी चावी

गूळ-खोबरं कालवलेल्या भिजल्या पोह्यांचा वास आला की मला रोह्यातलं ते अंगण आठवतं. मला नुकती अठरा पूर्ण झाली होती आणि गाडी नवीच हवी होती. पण बाबा मला पेणहून रोह्याला एका म्हाताऱ्या ज्यू गृहस्थांकडे घेऊन गेले. ते गाडी विकून कायमचे इस्रायलला, लेकीकडे निघाले होते. गाडी देण्याआधी त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे मलिद्याचं ताट मांडलं, प्रार्थना म्हटली आणि ते गोड पोहे आम्हाला वाढले. मी फुगूनच बसले होते. मग त्यांनी एक चावी माझ्या हातावर ठेवली. "दुसरी माझ्याकडे राहू दे, पोरी," ते म्हणाले. "आमची लेक हिच्यावरच शिकली. आठवण म्हणून नेतो, दुसरं काय नाय." "जुनी गाडी घेतोय, निदान चाव्या तरी दोन्ही द्या," मी म्हणाले. बाबांनी मान खाली घातली. म्हाताऱ्यांनी खिशातून चावी काढली, रुमालाने पुसली आणि मला दिली. ती गाडी केव्हाच भंगारात गेली. आता माझी लेक नव्या गाडीसाठी हटून बसली आहे, आणि माझ्या कपाटात ती दुसरी चावी अजून आहे. ती मी गाडीला एकदाही लावली नाही.