डावीकडे झुकणारं घर

मी इमारतींची चित्रं काढतो. (घरात याला 'बाबांचं दुखणं' म्हणतात.) वांग्यांची वाडी मुलानं हाती घेतल्यापासून मोकळ्या सकाळी मी मोबाइलवर बघून शिकू लागलो. एक डोळा मिटायचा, हात लांब करून पेन्सिल धरायची आणि घर मोजायचं! आमच्या नाचणगावात मी असा उभा राहिलो, की लोक मला सरकारी मोजणीवाला समजून रस्त्यावर मांडलेलं सामान आत घेत.

त्या रविवारी आमच्या वैष्णवीला पाहायला हिंगणघाटचे पाहुणे यायचे होते. मुलगा तिला आधीच आवडला होता, फक्त मोठ्यांचा होकार बाकी होता. मुलाचे वडील जुने मिस्त्री. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "भाऊ, घराचा फोटो धाडजा, म्हंजे शोधायले सोपं जाते."

"धाडा न फोटो!" बायको म्हणाली.

"फोटो कोनीबी धाडते," मी म्हणालो, आणि आमच्या घराचं ताजं चित्र पाठवून दिलं. सावली दिसावी म्हणून भिंतीवर बारीक रेघाही मारल्या होत्या. स्वतःवर काय खूश होतो मी!

रविवारी आम्ही कारची वाट पाहतोय, तर दारात टेम्पो! त्यात मिस्त्री, नवरा मुलगा, दोन मजूर आणि सहा लांबलचक लाकडी बल्ल्या!

"हे काय?" मी विचारलं.

"टेकू! पोरगी मंग पाहू, पयले भिंत. एवढ्या भेगा पडल्या, भिंत झुकली, अन् तुमी आत झोपता कसे?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

मिस्त्रींनी खिशातून दोरीचा ओळंबा काढून भिंतीला लावला. भिंत सरळ. दुसऱ्या भिंतीला लावला. तीही सरळ! त्यांचा चेहरा मात्र बदलला. "भाऊ, हे ते घर नोहे. सोयरीक जमवायले दुसऱ्याचं घर दाखवून राह्यले का तुमी?"

मजूर उतरवलेल्या बल्ल्या परत टेम्पोत चढवू लागले. दारात वैष्णवी रडवेली उभी. माझ्या पेन्सिलीनं पोरीचं लग्न मोडत होतं!

"ते चित्र म्याच काढलं!" मी ओरडलो.

"असं कोनी काढते का?"

शेवटी वैष्णवीच माझी वही घेऊन आली. केळझरचं देऊळ, पाण्याची टाकी, गावची शाळा... सगळं डावीकडे झुकलेलं आणि सगळ्यांना भेगा! "बाबाले सरळ रेघच येत नाई, काका," ती म्हणाली.

मिस्त्री एकेक पान उलटत गेले. शाळेपाशी मुलगा खो खो हसला, टाकीपाशी त्याचे वडील. "इतकं वाकडं मुद्दाम काढनं जमत नाई. मानूस खरा हाय!" पोहे झाले, सोयरीक पक्की झाली.

लग्नानंतर व्याह्यांनी आमच्या घराचं ते चित्र हौसेनं मागून नेलं. महिन्याभरानं गेलो, तर त्यांच्या बैठकीत, सागवानी चौकटीत! माझी छाती फुगली. फक्त चौकट जरा तिरपी होती, म्हणून मी सरळ करायला हात लावला.

"राहू द्या, इवाई!" मिस्त्री धावत आले. "ओळंबा लावून तिरपी टांगली हाय. आत्ता कुठं घर सरळ उभं राह्यलं!"