मजुरी नोको म्हणू, मान म्हण

चेरीताल मोहल्ल्यातल्या शिलाईवाल्या मावशी मापाची टेप वापरत नसत. दारातूनच पाहून म्हणत, "दोन इंच वाळली तू. काहून वो, हॉस्टेलात जेवायला देऊन नाही राहिले का?" मी खाली मान घालून हसायची. मराठी समजायची, पण इंग्रजी शाळेमुळे बोलायला धीर होत नसे. माझ्या वाटचंही मावशीच बोलत.

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी घरांपैकी कोणीच त्यांना उघड पैसे देत नसे. आई नोटा नव्या ब्लाउजपिसाच्या घडीत ठेवायची. "घरच्या बाईला मजुरी देतात का?" असं तिचं म्हणणं. मावशीही घडी न उघडता पिशवीत टाकत. "मजुरी नोको म्हणू ताई, मान म्हण." त्या मानावरच त्यांची चूल पेटत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घमापूरच्या रस्त्यावर मावशींना मिनीबसने धडक दिली आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. भरपाईच्या दाव्यात शिलाईची कमाई सिद्ध करायची होती. पावती कुठून असणार? मावशींनी साक्षीला मला नेलं. "शिकलेली पोरगी आहे. साहेब हिचं ऐकतीन."

विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, "आप लोग इनको सिलाई के पैसे देते थे?" घरच्या बाईला मजुरीवर ठेवलं होतं, हे भर कोर्टात म्हणायची मला लाज वाटली. आईचंच बोलणं तोंडातून निघालं, "नहीं जी, वो तो घर की हैं."

आमच्या वकिलांनी सावरायला पुन्हा विचारलं. मी टेबलाकडे पाहत तेच पुन्हा म्हणाले. बाहेर मावशींनीच मला चहा पाजला. "घाबरली काय वो? होते बाप्पा पहिल्यांदा."

निकाल आला. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून त्या तो माझ्याकडेच घेऊन आल्या. इलाजाचा खर्च मंजूर होता. शिलाईची कमाई मात्र धरलीच नव्हती, कारण पैसे दिले नसल्याचं दावेदाराच्याच साक्षीदाराने सांगितलं होतं. वाचताना ती ओळ मी गाळली. "कोर्टाने एवढंच दिलं, मावशी," म्हणाले.

पुढच्या महिन्यात मशीन विकून त्या गोंदियाला भावाकडे कायमच्या गेल्या. निघताना आईला सांगत होत्या, "तुमची पोरगी नसती तं एवढंही नसतं भेटलं, ताई. कुठं आहे पोरगी?"

मी आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाही.