काडीमोड

फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता. "हवालदार साहब की मिसेस बोल रही हैं?" मी म्हटलं, राँग नंबर. हवालदारांची आणि माझी काडीमोड होऊन उभा जन्म गेला होता. पण त्याने माझं नाव, माहेरचं गाव, सगळं बरोबर सांगितलं. हवालदार वारले होते आणि पलटणीच्या दप्तरी त्यांची बायको म्हणून अजून मीच होते.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात पंचांपुढे काडी मोडली की नवराबायको सुटले, असं होतं. कोर्टात जातंय कोण? हवालदारांनी दुसरं लग्न केलं, रिटायर झाल्यावर काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनवर वॉचमन राहिले. फौजेला यातलं काही कळवलंच नाही. आणि फौज काही काडीबिडी मानत नाही, तिला कोर्टाचा हुकूम लागतो.

मुलगी म्हणाली, "आई, तू फक्त गप्प बस. पेन्शन तुझीच आहे." मी इंद्रलोक नावाच्या कॉलनीत चार घरच्या पोळ्या लाटते. गुडघे कामातून गेलेत. मला ती पेन्शन हवी होती, खोटं कशाला बोलू.

मग ती आली, दुसरी. चपला बाहेर काढून दारातच उभी राहिली. "ताई, पेन्शनसाठी मी कोर्टात गेलेय. काडी मोडली होती एवढं तिथे सांगा. नाहीतर मी त्यांची कोणीच ठरत नाही."

"आत्ता बरी आठवण झाली माझी," मी म्हटलं. रडली असती तर हाकलूनच दिली असती, पण मेली रडेना. हवालदार अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं हगणंमुतणं हिनेच काढलं होतं. तेही ती बोलली नाही. बापाला बघायला जायची म्हणून मुलीला ते ठाऊक होतं, तिच्याकडून मला कळलं.

तारखेला आम्ही दोघी एकाच बसने ठाण्याला गेलो. मुलगी आली नाही, ती चिडलेलीच होती.

"काडीमोड झाली होती का?" न्यायाधीशांनी विचारलं. जिभेवर 'नाही' येऊन बसलं होतं. डोळ्यांपुढे सासरचं अंगण आलं. पंच बोलत होते, सासरे बोलत होते, माझे वडील मान खाली घालून बसले होते. मी पडवीत, तान्ह्या मुलीला घेऊन. काडी कडकन मोडल्याचा आवाज आला आणि वडील म्हणाले, चल.

"झाली होती," मी म्हटलं. मागे तिने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "पण मला कोणी विचारलं नव्हतं."

टायपिस्ट थांबला, साहेबांकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे काय बघताय," मी म्हटलं. "तेही लिहा."